६९.९ तास : टोकियोतील एका जाहिरात कंपनीच्या तीन नोंदी

१/ ऑक्टोबर २०१५. टोकियोच्या शिओदोमे भागात देन्त्सू या जाहिरात कंपनीचे उंच काचेचे मुख्यालय आहे. तेथील इंटरनेट जाहिरातींच्या विभागात त्याच वर्षी रुजू झालेल्या एका तरुणीने त्या महिन्यातील आपल्या जादा कामाची नोंद केली : ६९.९ तास. पुढच्या महिन्याची नोंद होती ६९.५ तास. कंपनीने आखून दिलेली मर्यादा होती ७० तास. #थ्रेड

२/ दोन्ही आकडे नियमात बसणारे, आणि दोन्ही अगदी काठावरचे. सलग दोन महिने माणसाचे काम मर्यादेच्या अलीकडे नेमके सहा मिनिटे आणि अर्धा तास असे कसे थांबते? हजेरीपट हा इतिहासाचा कागदच आहे, आणि कोणत्याही कागदाला विचारावेत ते प्रश्न त्यालाही विचारावे लागतात. तो कोणी लिहिला? कोणाच्या नजरेसाठी लिहिला? खरे लिहिल्यास लिहिणाऱ्याचे काय झाले असते?

३/ मराठी वाचकाला ही शंका परकी नाही. वि. का. राजवाडे यांनी १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ प्रसिद्ध करण्यास आरंभ केला, तेव्हा मागाहून रचलेल्या बखरींपेक्षा त्या त्या दिवशी लिहिलेल्या अस्सल पत्रांना त्यांनी अधिक मोल दिले. देन्त्सूच्या कथेतही एक बखर आहे, एक दप्तर आहे आणि त्या त्या रात्री लिहिलेली काही पत्रे आहेत. फरक इतकाच, की ही पत्रे ट्विटरवर लिहिलेली होती.

४/ प्रथम बखर. १९०१ साली मित्सुनागा होशिरो यांनी टोकियोत दोन जोडसंस्था काढल्या : एक तारेने बातम्या पुरवणारी, दुसरी जाहिराती मिळवून देणारी. कल्पना चतुर होती. वृत्तपत्रांना बातम्या हव्या असत, पण पैसा नसे. त्यांनी बातम्यांच्या मोबदल्यात जाहिरातीची जागा द्यावी आणि ती जागा व्यापाऱ्यांना विकावी. १९०७ मध्ये दोन्ही संस्था एक झाल्या. ‘तारसंदेश’ या अर्थाच्या जपानी शब्दांचा संक्षेप म्हणजे ‘देन्त्सू’.

५/ १९३६ साली युद्धाच्या दिशेने निघालेल्या जपानी राज्ययंत्रणेने बातम्यांचा व्यवसाय एका राष्ट्रीय वृत्तसंस्थेकडे सोपवला. देन्त्सूच्या हाती केवळ जाहिराती उरल्या. युद्ध संपले तेव्हा विकायला माल नव्हता, घ्यायला गिऱ्हाईक नव्हते आणि जाहिरातदाराकडे समाज फेरीवाल्यासारखा पाहत असे. अशा वेळी, १९४७ मध्ये, योशिदा हिदेओ कंपनीचे चौथे अध्यक्ष झाले.

६/ योशिदांना लोक ‘जाहिरातीचा ओनी’ म्हणत. ओनी म्हणजे जपानी लोककथांतला शिंगे असलेला दैत्य. पण एखाद्या कामाने झपाटलेल्या माणसालाही जपानीत कौतुकाने ओनीच म्हणतात. जपानमध्ये खासगी रेडिओ यावा यासाठी ज्यांनी जिवाचे रान केले, त्यांत योशिदा आघाडीवर होते. सप्टेंबर १९५१ मध्ये नागोया येथून पहिले खासगी रेडिओ केंद्र सुरू झाले. १९५३ मध्ये खासगी दूरचित्रवाणी आली. या दोन्हींच्या जाहिरातवेळेवर देन्त्सूने असा जम बसवला, की पुढे १९७०च्या दशकात ती जगातील सर्वांत मोठ्या जाहिरात कंपन्यांत गणली जाऊ लागली.

७/ त्याच १९५१ साली योशिदांनी कर्मचाऱ्यांसाठी दहा नियम लिहिले. ‘ओनीचे दहा नियम’ म्हणून ते प्रसिद्ध आहेत. आशय असा : काम कोणी देईल म्हणून थांबू नका, स्वतः शोधा, मोठ्या कामाला हात घाला, लहान काम माणसाला लहान करते, घर्षणाला भिऊ नका. पाचवा नियम सर्वांत कडक होता. हाती घेतलेले काम जीव गेला तरी सोडू नये, असे तो सांगे.

८/ १९५१च्या जपानमध्ये हे शब्द वेगळे ऐकू येत असत. देश नुकताच राखेतून उठत होता, आणि हे नियम लिहिणारा माणूस स्वतः त्या राखेत उभा होता. १९६३ साली योशिदा वारले. नियम मात्र राहिले. कर्मचाऱ्यांना दरवर्षी मिळणाऱ्या छोट्या डायरीत ते छापले जात. कर्त्या पुरुषामागे त्याचे शब्द राहतात, पण ते ज्या प्रसंगी उच्चारले गेले तो प्रसंग राहत नाही. बखरीचा दोष नेमका हाच असतो.

९/ या संस्कृतीला तिचे विधीही होते. १९२५ पासून कंपनीतील नवे कर्मचारी उन्हाळ्यात फुजी पर्वत चढत असत. मेजवान्यांची सगळी व्यवस्था नवख्यांनी करायची, आणि ती कशी झाली यावर मागाहून ज्येष्ठांचे बोलणे ऐकून घ्यायचे, हाही रिवाजच. ग्राहकाची मर्जी सांभाळणे हाच धंदा असलेल्या घरात ‘नाही’ म्हणण्याचे शिक्षण कोणी देत नसे.

१०/ आता दप्तर. एप्रिल १९९० मध्ये विद्यापीठातून बाहेर पडलेला एक तरुण देन्त्सूच्या रेडिओ जाहिरात विभागात रुजू झाला. दिवसभर ग्राहकांच्या भेटी, सायंकाळनंतर आराखडे. हळूहळू तो मध्यरात्रीनंतर घरी जाऊ लागला, आणि पुढे काही रात्री घरी गेलाच नाही. ऑगस्ट १९९१ मध्ये, वयाच्या २४व्या वर्षी, त्याने आपले आयुष्य संपवले.

११/ त्याच्या आईवडिलांनी कंपनीवर दावा लावला. अडचण पुराव्याची होती. जादा कामाचे तास कर्मचाऱ्याने स्वतः नोंदवायचे असत, आणि त्या नोंदी खऱ्या तासांपेक्षा पुष्कळ कमी होत्या. तेव्हा उपयोगी पडले एक दुर्लक्षित दप्तर : रात्री इमारतीत गस्त घालणाऱ्यांचे अहवाल. कोण किती वाजेपर्यंत जागेवर होते, याची साधी नोंद त्यांत होती. पहारेकऱ्याला कोणाची बाजू घ्यायची नव्हती, म्हणूनच त्याचा कागद न्यायालयात उभा राहिला.

१२/ १९९६ मध्ये टोकियोच्या जिल्हा न्यायालयाने पालकांच्या बाजूने निकाल दिला. १९९७ मध्ये उच्च न्यायालयाने कंपनीची जबाबदारी मान्य केली, परंतु भरपाई ३० टक्क्यांनी कमी केली. कारणांपैकी एक असे, की मुलगा स्वभावानेच अति काटेकोर होता आणि सगळे स्वतःवर ओढवून घेत असे. कामसूपणा हा कंपनीत गुण होता. न्यायालयात तोच त्याचा दोष ठरला.

१३/ २४ मार्च २००० रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही कपात रद्द ठरवली. माणसामाणसांचे स्वभाव निराळे असतात, आणि ते सामान्य मर्यादेत असतील तर त्यांचा भार मृतावर टाकता येत नाही, असे न्यायालयाने म्हटले. कर्मचाऱ्याचे शारीरिक व मानसिक आरोग्य ढासळू नये याची काळजी घेणे हे मालकाचे कर्तव्य ठरले. वरिष्ठांनी त्या तरुणाला घरी जाऊन झोपण्याचा सल्ला दिला होता, न झालेले काम सकाळी लवकर येऊन करण्यासही सांगितले होते. काम मात्र कमी केले नव्हते. निकालाचा रोख या फरकावर आहे. त्याच वर्षी जून महिन्यात देन्त्सूने पालकांशी तडजोड केली.

१४/ ‘कारोशी’, म्हणजे अतिश्रमाने येणारा मृत्यू, हा शब्द जपानी वैद्यक आणि वकिली वर्तुळांत त्याआधीच रूढ झाला होता. १९८८ मध्ये वकिलांनी अशा कुटुंबांसाठी दूरध्वनी मदतसेवाही सुरू केली होती. २०००च्या निकालाने अतिश्रमातून झालेल्या आत्महत्येलाही मालकाची कायदेशीर जबाबदारी चिकटवली. देन्त्सूचे नाव कायद्याच्या पाठ्यपुस्तकांत गेले. डायरीतले दहा नियम मात्र जागच्या जागी होते.

१५/ आता पत्रे. ट्विटरची जपानी आवृत्ती २००८ मध्ये आली. १४० अक्षरांची मर्यादा जपानी भाषेला फारशी जाचक नव्हती, कारण तिथे एका चित्राक्षरात अख्खा शब्द मावतो. मार्च २०११च्या भूकंपात दूरध्वनी ठप्प झाले, तेव्हा असंख्य लोकांनी याच मार्गाने एकमेकांची खुशाली घेतली. टोपणनावाने, दिवसाकाठी दोन-चार ओळी लिहिण्याची सवय तेथे खोल रुजली. रोजनिशी आणि चावडी यांच्या मधली ही जागा होती. जे कार्यालयात बोलता येत नाही आणि घरी सांगवत नाही, ते तेथे लिहिले जाई.

१६/ १९९१ साली जन्मलेली ताकाहाशी मात्सुरी एकट्या आईने वाढवलेली मुलगी होती. टोकियो विद्यापीठातून पदवी घेऊन एप्रिल २०१५ मध्ये ती देन्त्सूत आली. तिच्या वाट्याला इंटरनेट जाहिरातींचा विभाग आला. वृत्तपत्रातील जाहिरात एकदा छापली की काम संपते. इंटरनेटवरील जाहिरात संपतच नाही. किती जणांनी पाहिली, किती जणांनी बोट लावले, बोली किती वाढवायची, हे रोज तपासायचे, त्याचे अहवाल करायचे आणि ग्राहकाला सुधारणा सुचवायच्या. त्यातच ऑक्टोबरमध्ये विभागातील माणसे १४ वरून ६ वर आली, असे तिच्या कुटुंबाच्या वकिलांनी पुढे सांगितले.

१७/ तिच्या ट्विटरवरील नोंदी त्या हिवाळ्याची शकावलीच आहेत. पहाटे चार वाजता अंग थरथरत असल्याची नोंद आहे. शनिवार-रविवारीही कामावर यावे लागल्याची आहे. झोपेखेरीज दुसरी इच्छा उरली नसल्याची आहे. तुझे जादा तास कंपनीच्या दृष्टीने वायाच गेले, असे वरिष्ठ म्हणाल्याचे तिने लिहिले. विस्कटलेले केस आणि लाल डोळे घेऊन कामावर येऊ नकोस, हेही तिला ऐकवण्यात आले होते. तिच्या बाईपणावर मारलेले शेरेही तिने टिपून ठेवले.

१८/ याच महिन्यांत कंपनीच्या कागदावर ६९.९ आणि ६९.५ हे आकडे चढत होते. मुख्यालयाच्या दारावरील यंत्र मात्र प्रत्येकाचे येणे-जाणे आपोआप टिपत होते. कागद आणि दार यांतील फरक भरून काढण्यासाठी ‘खासगी कारणासाठी इमारतीत थांबले’ असे कारण लिहिण्याची सोय होती. म्हणजे मध्यरात्री ग्राहकाचा अहवाल लिहिणारी व्यक्ती कागदोपत्री स्वतःच्या हौसेने तेथे बसलेली असे.

१९/ २५ डिसेंबर २०१५ रोजी मात्सुरीने आयुष्य संपवले. वय २४. १९९१ मधील त्या तरुणाचेही हेच वय होते. आईने वकील कावाहितो हिरोशी यांची मदत घेतली. १९८८च्या मदतसेवेपासून कारोशीच्या खटल्यांत वावरलेले हे वकील. दाराच्या नोंदी मिळवून तासांचा हिशेब मांडला गेला. ३० सप्टेंबर २०१६ रोजी मिता येथील कामगार निरीक्षण कार्यालयाने हा मृत्यू कामामुळे झाल्याचे मान्य केले. ९ ऑक्टोबर ते ७ नोव्हेंबर या एका महिन्यात तिने सुमारे १०५ तास जादा काम केल्याचे कार्यालयाने धरले.

२०/ येथे साधनांचे वजन नीट पाहावे. मृत्यू ‘कामामुळे’ ठरला, त्याला आधार झाला तो मुख्यतः तासांच्या आकड्याचा, आणि तो दाराने दिला. परंतु ७ ऑक्टोबर २०१६ रोजी आईने पत्रकारांसमोर येऊन मुलीचे नाव आणि छायाचित्र जगापुढे ठेवले, तेव्हा जपान हादरले ते ट्विटरवरच्या ओळींनी. १०५ तास म्हणजे काय, हे दार सांगू शकत नव्हते. पहारेकऱ्याच्या अहवालालाही १९९१ साली ते सांगता आले नव्हते. त्या तरुणाच्या रात्रींचे वर्णन इतरांच्या साक्षींतून उभे करावे लागले. मात्सुरीने ते स्वतः लिहून ठेवले होते.

२१/ समाजमाध्यमे एकाच सुरात बोलली असे मात्र नाही. शंभर तासांच्या जादा कामाने जीव देणे ही शोभणारी गोष्ट नव्हे, अशा आशयाचे मत एका विद्यापीठातील प्राध्यापकाने त्याच दिवशी इंटरनेटवर मांडले. संतापाची लाट उसळली. त्यांना माफी मागावी लागली, आणि विद्यापीठालाही. त्या मतात १९९७ची उच्च न्यायालयीन कपातच पुन्हा बोलत होती : दोष कामाचा नव्हे, माणसाच्या घडणीचा. या वेळी उत्तर द्यायला सर्वोच्च न्यायालयापर्यंत थांबावे लागले नाही.

२२/ पुढच्या घटना वेगाने घडल्या. ऑक्टोबर २०१६ पासून मुख्यालयाचे दिवे रात्री दहाला बंद होऊ लागले. नोव्हेंबरमध्ये कामगार अधिकाऱ्यांनी कंपनीवर धाडी घातल्या. कुटुंबस्नेही मालक म्हणून सरकारनेच दिलेले प्रशस्तिचिन्ह कंपनीने परत केले. डिसेंबरमध्ये ‘ओनीचे दहा नियम’ पुढील वर्षीच्या डायरीतून काढण्याचे जाहीर झाले. अध्यक्ष इशिई तादाशी यांनी राजीनामा दिला. जानेवारी २०१७ मध्ये कुटुंबाशी समझोता झाला.

२३/ त्याआधी, सप्टेंबर २०१६ मध्ये, आणखी एक गोष्ट उघड झाली होती. इंटरनेट जाहिरातींत ग्राहकांना चुकीचे हिशेब व जादा बिले दिल्याचे देन्त्सूने मान्य केले. त्या वेळी १११ जाहिरातदारांची ६३३ प्रकरणे संशयित होती. विभागात माणसे अपुरी असल्याचे कंपनीनेच सांगितले. कर्मचाऱ्याने आपल्या तासांचा खोटा कागद कंपनीला द्यायचा, आणि कंपनीने आपल्या कामाचा खोटा कागद ग्राहकाला द्यायचा. दोन्ही खोटेपणांच्या मुळाशी एकच भीती होती : हे काम इतक्या माणसांत, इतक्या वेळात होत नाही, हे वाक्य कोणी उच्चारायचे?

२४/ ऑक्टोबर २०१७ मध्ये टोकियोच्या न्यायालयाने चार कर्मचाऱ्यांकडून बेकायदा जादा काम करून घेतल्याबद्दल कंपनीला दंड ठोठावला : ५ लाख येन. एवढ्या मोठ्या कंपनीला ही रक्कम नगण्य होती. पण हा खटला न्यायालयाने कागदोपत्री न मिटवता खुल्या सुनावणीत चालवला, आणि कंपनीच्या नव्या अध्यक्षांना न्यायालयात उभे राहावे लागले.

२५/ जून २०१८ मध्ये जपानच्या संसदेने कामाच्या पद्धतीत सुधारणा करणारा कायदा संमत केला. जादा कामाला प्रथमच दंडासह कमाल मर्यादा आली : सर्वसाधारणपणे महिन्याला ४५ तास, आणि अपवादात्मक महिन्यातही १०० तासांहून कमी. मात्सुरीची आई आणि इतर कुटुंबे या १०० च्या आकड्याने दुखावली. कारोशीचा निवाडा करताना सरकार स्वतःच ज्या आकड्याला धोक्याची रेषा मानते, तोच आता कायद्याने मान्य झाला, असे त्यांचे म्हणणे होते. आक्षेप नोंदला गेला, आकडा तसाच राहिला.

२६/ एक तरतूद मात्र फारशी गाजली नाही. एप्रिल २०१९ पासून कर्मचारी किती वेळ काम करतो, हे मालकाने वस्तुनिष्ठ साधनांनी मोजणे बंधनकारक झाले. हजेरीचे यंत्र, संगणक सुरू व बंद झाल्याची वेळ अशी ही साधने. कर्मचाऱ्याच्या एकट्या सहीवर विसंबता येणार नाही. पहारेकऱ्याच्या अहवालाने जे १९९१ साली सिद्ध केले आणि दाराच्या यंत्राने २०१५ साली, ते अखेर कायद्यात उतरले.

२७/ त्याच २०१९ मध्ये देन्त्सूला बेकायदा जादा कामाबद्दल कामगार कार्यालयाने पुन्हा सुधारणेची सूचना दिली. डायरीतून नियम पुसता येतात, सवयी एवढ्या लवकर पुसल्या जात नाहीत. मात्सुरीची आई दरवर्षी २५ डिसेंबरला आपले निवेदन प्रसिद्ध करते. बखर डायरीतून गेली, दप्तर कायद्यात गेले, आणि पत्रांना उत्तर लिहिण्याचे काम आईने आपल्याकडे घेतले.

२८/ कामाचा वा मनाचा ताण असह्य होत असेल, तर भारतात ‘टेली मानस’ या सरकारी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र मराठीतही बोलता येते. #थ्रेड समाप्त